धूर, अग्नी आणि एक प्रकाशकण

(द्वितीय वर्ष, कला)

'निकष' हा शब्द आपण रोज वापरतो. प्रवेशाचे निकष, शिष्यवृत्तीचे निकष, स्पर्धेचे निकष. परंतु या शब्दाचा मूळ अर्थ सोनाराचा कसोटीचा दगड असा आहे, हे मला तर्कशास्त्राच्या तासाला प्रथम कळले. सोनार त्या काळ्या दगडावर दागिना घासतो, उमटलेली रेघ निरखतो आणि सोन्याचा कस सांगतो. रेघ म्हणजे सोने नव्हे. ती सोन्याची खूण आहे. खुणेवरून वस्तूकडे जाताना बुद्धीला एक पाऊल पुढे टाकावे लागते. ते पाऊल केव्हा भक्कम जमिनीवर पडते आणि केव्हा घसरते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

त्यासाठी मी निवडलेले उदाहरण मात्र कला शाखेच्या विद्यार्थिनीकडून कोणी अपेक्षिणार नाही. २०२५ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने पुंजविज्ञान व तंत्रज्ञानाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले होते. त्या निमित्ताने आमच्याकडे एक व्याख्यान झाले. व्याख्याते पदार्थविज्ञानाचे, श्रोते बहुतेक भाषा, इतिहास आणि अर्थशास्त्राचे. निम्मे व्याख्यान डोक्यावरून गेले, हे कबूल केले पाहिजे. परंतु शेवटी त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मनात रुतून बसली. प्रयोगशाळेत विशिष्ट प्रकारचा प्रकाश निर्माण करणे कठीण आहेच. पण तो खरोखर त्या प्रकारचा आहे हे सिद्ध करणे हा एक वेगळाच, तर्काचा प्रश्न आहे, असे ते म्हणाले. त्या प्रकाशाला त्यांनी 'नॉन-गाउसियन', म्हणजे गाउसीतर, असे नाव दिले. माझ्या वहीतले 'पर्याप्त अट' आणि 'आवश्यक अट' हे दोन कोरडे शब्द त्या क्षणी एकदम जिवंत झाले. त्यानंतर सुट्टीत शेजारच्या विज्ञान महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बसून, तेथील एका सरांना पुन्हापुन्हा त्रास देऊन जे समजले, ते येथे मांडत आहे. समीकरणे टाळली आहेत; तर्क मात्र टाळलेला नाही.

या प्रश्नात मला एवढा रस का वाटला, त्याला एक घरगुती कारणही आहे. ते आधी सांगते.

एक जुनी सकाळ

आमच्या घरी दोन म्हशी. महाविद्यालयाची पायरी चढणारी घरातली मी पहिली. ती पायरी या म्हशींच्या दुधावरच उभी आहे. मी सहावीत असताना एके दिवशी गाडी लवकर येणार म्हणून आबा धार काढून लगेच, अजून कोमट असलेले दूध घेऊन गावाबाहेरच्या संकलन केंद्रावर गेले. मी बरोबर होते. तेथल्या माणसाने नळकांड्यात दूध ओतले, त्यात लॅक्टोमीटर सोडला, तो नेहमीपेक्षा खोल गेला. "पाणी आहे. परत न्या," तो म्हणाला. रांगेत पंधरावीस माणसे होती. आबा म्हणाले, "पाणी कुठलं? आत्ता काढून आणलंय." त्याने नळीकडे बोट दाखवले. नळीपुढे कोण बोलणार? आबांनी कॅन उचलला आणि आम्ही घरी आलो. वाटेत ते एक शब्दही बोलले नाहीत.

त्या माणसाने जे केले ते अनुमान होते. आकडा कमी, म्हणून पाणी. या अनुमानात चूक आहे हे मला तेव्हा जाणवत होते, पण कोठे आहे ते सांगता येत नव्हते. ते आता सांगता येते. आणि ते सांगण्याची रीत मला प्रकाशाच्या अभ्यासात सापडली.

घंटेसारखा वक्र

मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रसामान्य वक्र परिचित आहे. पुष्कळ लोकांची उंची मोजली तर बहुतेक आकडे मध्याजवळ पडतात, दोन्ही बाजूंना ते विरळ होत जातात आणि आलेखाला घंटेचा आकार येतो. जर्मन गणिती कार्ल फ्रीडरिश गाउस (१७७७–१८५५) यांच्या नावावरून त्याला गाउसी वक्र म्हणतात.

आता प्रकाशाकडे वळू. प्रकाश ही लाट आहे. झोपाळ्याची स्थिती सांगायची तर दोन गोष्टी सांगाव्या लागतात : तो मध्यापासून किती दूर आहे आणि किती वेगाने चालला आहे. प्रकाशलहरीचेही असेच दोन घटक असतात. परंतु पुंजविज्ञान असे सांगते की हे दोन्ही घटक एकाच वेळी नेमके ठरलेले असूच शकत नाहीत. एकाच पद्धतीने तयार केलेला प्रकाश हजार वेळा मोजला तर हजार वेगवेगळे आकडे येतात. या आकड्यांचा आलेख काढला की प्रकाशाची 'अवस्था' कशी आहे ते कळू लागते.

लेसरच्या प्रकाशाचा आलेख घंटेसारखा येतो. तापलेल्या वस्तूच्या प्रकाशाचाही येतो, फक्त ती घंटा रुंद असते. नवलाची गोष्ट अशी की पूर्ण अंधारातही मापन शून्यावर स्थिर राहत नाही. तेथेही लहानशी घंटा मिळते. निर्वात अवस्थासुद्धा गाउसीच आहे. चौथा प्रकार 'दाबलेल्या' प्रकाशाचा. यात एका घटकाची अनिश्चितता अंधारापेक्षाही कमी केलेली असते आणि त्याची किंमत म्हणून दुसऱ्या घटकाची वाढलेली असते. असा प्रकाश १९८५ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्लशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथम निर्माण केला. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो वेधशाळांनी २०१९ पासूनच्या निरीक्षणांत तो नियमितपणे वापरला. अशाच प्रकारची वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली आहे. दाबलेला प्रकाश पूर्णपणे पुंजस्वरूपाचा आहे. परंतु त्याची घंटा चेपलेली असली तरी घंटाच आहे. म्हणून तोही गाउसी.

मग गाउसीतर कोण? सर्वांत साधे उदाहरण म्हणजे नेमका एक प्रकाशकण, ज्याला फोटॉन म्हणतात. लहरीच्या भाषेत याचे मापन केले तर आकडा नेमका शून्य कधीच येत नाही. मध्यावर खड्डा आणि दोन बाजूंना दोन उंचवटे असा आलेख मिळतो. घंटेची जी जागा सर्वांत उंच, तीच येथे रिकामी.

या भेदाला व्यावहारिक महत्त्वही आहे. सर्व अवस्था, त्यांच्यावरील क्रिया आणि मापने गाउसी असतील, तर ती सारी खटपट साधा संगणकही सहज हिशेब करून दाखवू शकतो, असे बार्टलेट, सँडर्स, ब्राउनस्टाइन आणि नेमोतो यांनी २००२ मध्ये सिद्ध केले. म्हणजे प्रकाशावर चालणाऱ्या पुंजसंगणकाला काही वेगळे करून दाखवायचे असेल, तर त्यात कोठे तरी गाउसीतर अंश असलाच पाहिजे. तो आहे की नाही हे ठरवायचे कसे?

पहिली कसोटी : दोन वाटा

प्रकाशाच्या वाटेत अर्धपारदर्शक आरसा ठेवावा. अर्धा प्रकाश आरपार जाईल, अर्धा वळेल. दोन्ही वाटांवर एकेक शोधक यंत्र ठेवावे. लाट असेल तर ती दुभंगून दोन्हीकडे जाईल आणि दोन्ही यंत्रे कधी ना कधी एकाच वेळी बोलतील. एकच कण असेल तर तो एकाच वाटेने सापडेल. दोन्ही यंत्रे एकदम बोलणार नाहीत. अशा दोन यंत्रांची मांडणी हॅनबरी ब्राऊन आणि ट्विस यांनी १९५६ मध्ये वापरली होती. त्यांच्या साध्या दिव्याच्या प्रकाशात दोन्ही यंत्रे एकदम बोलण्याचे प्रमाण उलट जास्तच निघाले. १९७७ मध्ये किंबल, डॅजेने आणि मँडेल यांनी सोडियमच्या अणूंपासून येणाऱ्या प्रकाशात ते प्रमाण कमी झालेले दाखवले. आणि १९८६ मध्ये फ्रान्समधील ओर्से येथे ग्रांजिए, रोजे आणि आस्पे यांनी एकट्या प्रकाशकणावर हा प्रयोग स्पष्टपणे करून दाखवला. यांतील आस्पे यांना पुढे २०२२ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. अर्थात ते वेगळ्या प्रयोगांसाठी.

ही कसोटी कशाची? येथे न्यायदर्शनाची भाषा उपयोगी पडते. पर्वतावर धूर दिसतो म्हणून तेथे अग्नी आहे, असे आपण म्हणतो. अग्नी हे साध्य, धूर हा हेतू. हे अनुमान टिकते, कारण अग्नीवाचून धूर कोठेही सापडत नाही. या अतूट संबंधाला व्याप्ती म्हणतात. 'प्रकाश साध्या लहरींच्या हिशेबाने समजावता येत नाही' हे साध्य असेल, तर दोन यंत्रांच्या एकदम बोलण्यात पुरेशी घट हा हेतू निर्दोष आहे. परंतु साध्य बदलून 'हा प्रकाश गाउसीतर आहे' असे म्हटले, की तोच हेतू डळमळतो. कारण दाबलेल्या प्रकाशात थोडासा लेसर योग्य प्रमाणात मिसळला, तर तेथेही दोन यंत्रे एकदम बोलण्याचे प्रमाण खूप घटते. आणि तो प्रकाश तर गाउसी आहे. साध्य नसलेल्या जागीही जो हेतू आढळतो, त्याला आपल्या शास्त्रकारांनी सव्यभिचार हेत्वाभास म्हटले आहे. हेतू तोच, आकडेही तेच. निष्कर्ष मात्र एका साध्यासाठी खरा आणि दुसऱ्यासाठी आभास.

दुसरी कसोटी : ऋण जागा

यूजीन विग्नर यांनी १९३२ मध्ये अवस्थेचे एक प्रकारचे नकाशाचित्र काढण्याची पद्धत दिली. लहरीचे दोन घटक हे नकाशाचे दोन अक्ष, आणि प्रत्येक ठिकाणी जणू संभाव्यतेची उंची. 'जणू' म्हणण्याचे कारण असे की ही उंची काही ठिकाणी शून्याच्या खाली, म्हणजे ऋण, जाऊ शकते. खऱ्या संभाव्यतेला ते कधीच जमणार नाही. १९७४ मध्ये हडसन यांनी सिद्ध केले की शुद्ध अवस्थेच्या नकाशात कोठेही ऋण जागा नसेल, तर ती अवस्था गाउसीच असते. आणि गाउसीतर शुद्ध अवस्थेच्या नकाशात ऋण जागा असतेच. शुद्ध अवस्थांपुरती ही अट पर्याप्तही आहे आणि आवश्यकही. तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्याला याहून अधिक काय हवे?

परंतु अडचण 'शुद्ध' या शब्दात आहे. प्रयोगशाळेत प्रकाश आरशांवरून येतो, भिंगांतून जातो, यंत्रापर्यंत पोचतो आणि वाटेत काही हरवतोच. समजा, शंभर वेळा एकेक कण पाठवला आणि साठ वेळा तो वाटेत हरवला. हाती येते ते चाळीस वेळा एक कण आणि साठ वेळा अंधार, असे मिश्रण. विग्नरच्या नकाशाच्या नेमक्या मध्यावरची उंची एका सोप्या नियमाने मिळते : कणांची संख्या सम असण्याची संभाव्यता वजा विषम असण्याची संभाव्यता, गुणिले एक ठराविक धन संख्या. शून्य ही सम संख्या आहे, एक ही विषम. साठ वजा चाळीस म्हणजे अधिक वीस. ऋण जागा नाहीशी झाली. निम्म्याहून अधिक कण हाती आले तरच मध्य ऋण होतो. २००१ मध्ये जर्मनीत कोन्स्टान्झ येथे ल्वोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका प्रकाशकणाचा असा ऋण मध्य मोजून दाखवला, तेव्हा त्यामागे हीच शर्यत होती : निम्म्यापेक्षा कमी हरवू देणे.

मग चाळीस-साठच्या मिश्रणाचे काय? ते गाउसी आहे का? कसोटी गप्प बसली, एवढेच खरे.

पूर्वपक्षाला पूर्ण संधी

येथे एक शंका उपस्थित होते. आलेख घंटेसारखा नाही एवढे दाखवले, की गाउसीतरपण सिद्ध झाले नाही का? नाही. समजा, मी नाणे उडवले. छापा आला तर एक लेसर लावला, काटा आला तर दुसरा. हजार वेळा मोजल्यावर दोन घंटा शेजारीशेजारी दिसतील. आलेख घंटेसारखा राहिला नाही; पण यात पुंजस्वरूपाचे नवल कोणते? ते तर नाण्याचे काम. तेव्हा गाउसी अवस्थांची नाणी उडवून केलेली सर्व मिश्रणेही विरोधी पक्षाला बहाल केली पाहिजेत. त्या सर्वांना पुरून उरेल तेच खरे गाउसीतर.

आपल्या शास्त्रग्रंथांत सिद्धान्त मांडण्यापूर्वी पूर्वपक्ष मांडण्याची पद्धत आहे; आणि चांगला ग्रंथकार पूर्वपक्ष दुबळा करून मांडत नाही, तो प्रतिपक्षाहूनही समर्थपणे मांडतो. पुंजप्रकाशाच्या शास्त्राची वाटचाल मला अशीच दिसली. १९६३ मध्ये ग्लाउबर आणि आपले सुदर्शन यांनी प्रकाशाचे असे वर्णन दिले की त्यावरून 'साध्या' प्रकाशाची व्याख्या करता आली : लेसरसारख्या अवस्थांच्या मिश्रणातून जो मिळतो तो साधा. केरळात जन्मलेले सुदर्शन अमेरिकेस जाण्यापूर्वी काही काळ मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. त्या व्याख्येत पूर्वपक्षाच्या हाती फक्त लेसर होता. २०११ मध्ये चेक प्रजासत्ताकातील ओलोमोउत्स येथील रादिम फिलिप आणि लादिस्लाव मिश्ता यांनी पूर्वपक्षाच्या हाती दाबलेला प्रकाशही दिला आणि विचारले : आता तुझे सारे सामर्थ्य लाव; एका कणाची नक्कल तू कोठवर करू शकतोस?

याचे उत्तर आकड्यांत आहे. फक्त लेसर आणि त्याची मिश्रणे वापरली, तर नेमका एक कण सापडण्याची संभाव्यता शंभरात सुमारे ३७ च्या वर जात नाही. दाबलेल्या प्रकाशाची जोड दिली, तर ती सुमारे ४८ पर्यंत चढते. त्यापुढे कोणतीही गाउसी अवस्था किंवा त्यांचे कोणतेही मिश्रण जाऊ शकत नाही. म्हणजे शंभरात ४८ हून अधिक वेळा नेमका एक कण सापडला, तर तो प्रकाश निःसंशय गाउसीतर. दोन यंत्रांच्या कसोटीत जी पळवाट होती, ती येथे आधीच मोजून बंद केली आहे.

पण आपले चाळीस-साठचे मिश्रण येथेही अडते. चाळीस हे अठ्ठेचाळीसहून कमी. म्हणून फिलिप आणि मिश्ता एक पाऊल पुढे गेले. त्यांनी एक कण सापडण्याचे प्रमाण सुटे न पाहता, एकही कण न सापडण्याच्या प्रमाणाबरोबर जोडून पाहिले. यामागील तर्क इतका सुंदर आहे की तो येथे पूर्ण देते. शुद्ध गाउसी अवस्थांपैकी जिच्यात दोन किंवा अधिक कण कधीच सापडत नाहीत, अशी अवस्था एकच : अंधार. बाकी प्रत्येक गाउसी अवस्थेत कधी ना कधी दोन वा अधिक कण सापडतातच. तेव्हा मिश्रण कसेही करा, त्यात एकटा कण सापडत असेल, तर केव्हा तरी दोन किंवा अधिकही सापडलेच पाहिजेत. आपल्या मिश्रणात एक कण चाळीस वेळा सापडतो आणि दोन कधीच नाहीत. म्हणून ते गाउसी अवस्थांचे मिश्रण असूच शकत नाही. प्रमाण चाळीसऐवजी दहा असते, तरी हाच युक्तिवाद टिकला असता.

प्रत्यक्षात 'कधीच नाहीत' असे कोणतेही यंत्र सांगू शकत नाही. म्हणून संख्यात्मक मर्यादा हवी. त्यांच्या सूत्रात आकडे घालून आम्ही हिशेब केला : साठ वेळा अंधार असेल, तर गाउसी पूर्वपक्ष नेमका एक कण फार तर सुमारे ३६ वेळा दाखवू शकतो, उरलेल्या चार वेळा त्याला दोन किंवा अधिक कण दाखवावेच लागतात. आपल्याकडे चाळीस आहेत. कसोटी उतरली! विग्नरचा नकाशा ज्याच्याविषयी गप्प होता, त्याच प्रकाशाविषयी ही कसोटी बोलली. त्याच वर्षी ओलोमोउत्सच्या प्रयोगशाळेत हे प्रत्यक्ष करून पाहण्यात आले. एका स्फटिकात एका प्रकाशकणाचे कमी ऊर्जेचे दोन कण होतात. त्यांतील एक सापडला की तो दुसऱ्याची वर्दी देतो. अशा वर्दी दिलेल्या कणांचा प्रकाश, ज्याच्या नकाशात ऋण जागा उरली नव्हती, तो गाउसीतर असल्याचे येझेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले.

आणखी एक गोष्ट मला विशेष वाटली. यंत्रे आंधळी असतात. आलेले सर्व कण त्यांना दिसत नाहीत. पण कणांचे असे हरवणे गाउसी मिश्रणाला गाउसीतर करू शकत नाही, हे गणिताने सिद्ध आहे. म्हणजे कण निसटल्यामुळे खरे गाउसीतरपण झाकले जाईल, खोटे मात्र निर्माण होणार नाही.

कसोटीचे मौन

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वरील प्रत्येक कसोटी, मिश्र अवस्थांच्या बाबतीत, पर्याप्त आहे, आवश्यक नाही. ती 'होय' म्हणाली तर होय. ती गप्प बसली तर 'नाही' असे नव्हे. न्यायाच्या पाठात याचे उदाहरण तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्याचे आहे. तेथे अग्नी आहे, पण धूर नाही. धूर उठायला अग्नीबरोबर ओले सरपणही लागते. धूर दिसत नाही म्हणून अग्नी नाही असे समजून गोळ्याला हात लावणाऱ्याचा हात भाजेल. चाळीस-साठचे मिश्रण हा असाच गोळा होता. विग्नरच्या नकाशात त्याचा धूर दिसला नाही. फिलिप-मिश्ता यांनी दुसरीकडून पाहिले तेव्हा त्याची धग लागली.

या अभ्यासातून मला दोन नियम मिळाले. पहिला : कसोटीच्या मौनाला निकाल समजू नये. दुसरा, अधिक महत्त्वाचा : एखाद्या खुणेवरून असामान्य गोष्टीचा निष्कर्ष काढण्यापूर्वी, सामान्य कारणाला पूर्ण संधी द्यावी, ते जास्तीत जास्त कोठवर जाऊ शकते हे मोजावे, आणि खूण त्या मर्यादेच्या पलीकडे गेली तरच बोलावे.

पुन्हा ती सकाळ

आता त्या नळीकडे परत जाते. आकडा कमी, म्हणून पाणी, या अनुमानात हेतू सव्यभिचार आहे. दूध गरम असले तरी ते विरळ होते आणि लॅक्टोमीटर खोल जातो. ज्या तापमानासाठी तो आखलेला असतो, त्याहून दूध जितके अंश गरम, तितक्या प्रत्येक अंश सेल्सिअसमागे आकडा सुमारे ०.२ ने घटतो. म्हणून वाचलेल्या आकड्यात तेवढी भर घालून दुरुस्ती करावी लागते. उलट बाजूही आहे. साय काढून घेतली की दूध जड होते. मग त्यात बेताने पाणी घातले, तर आकडा पुन्हा बरोबर येतो. म्हणजे एकच नळी निर्दोषाला दोषी ठरवू शकते आणि दोषीला निर्दोष सोडू शकते. स्निग्धांश आणि तापमान बरोबर मोजले तर गोष्ट वेगळी. एक कण आणि शून्य कण ही दोन प्रमाणे जोडून पाहिल्यावर जे साधले, तेच येथेही साधते.

या दिवाळीच्या सुट्टीत तालुक्याच्या गावाहून लॅक्टोमीटर आणि थर्मामीटर विकत आणले. सकाळी आबांनी धार काढली, मी लगेच मोजले. तापमान ३६ अंश, आकडा २६. मग पातेले गार पाण्यात ठेवले. दूध २७ अंशांवर आल्यावर पुन्हा मोजले. आकडा २८. तेच दूध, तेच पातेले, मध्ये कोणी हात लावला नव्हता. सामान्य कारण एकटे दोन अंशांपर्यंत जाऊ शकते, हे आमच्या ओसरीवर सिद्ध झाले.

आबांना मी प्रकाशकणांची गोष्ट सांगितली नव्हती. फक्त दोन्ही आकडे वाचून दाखवले. त्यांनी नळी हातात घेतली, उजेडात धरून उलटसुलट पाहिली. ती सकाळ त्यांना आठवत असणार, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होते. माझी अशी अपेक्षा होती की आता ते त्या माणसाविषयी काहीतरी बोलतील. ते बोललेही.

"त्याचं तरी काय चुकलं म्हणा," आबा म्हणाले, "त्याच्याकडं एकच नळी होती."

मग नळी धुऊन, पुसून त्यांनी ती माझ्या पुस्तकांच्या फळीवर ठेवली.